थोरलीचं धाकटीला

कार्तिक लागला की पालघर-मनोर रस्त्याच्या कडेच्या झाडांना गवत फुटतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, पण आमच्याकडे ते खरं आहे. गवत लादलेले ट्रक वखारीकडे जाताना दोन्ही बाजूंनी इतके फुगलेले असतात की झाडांच्या फांद्या त्यातल्या काड्या ओरबाडून घेतात, आणि मग चिंचेवर, शिरीषावर, शाळेच्या कुंपणावर पिवळ्या काड्या लोंबत राहतात. परवा माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेरच्या शिरीषावर यंदाची पहिली काडी दिसली आणि मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. मुलांना वाटलं, बाई पुढचं विसरल्या. विसरले असते तर बरं झालं असतं.

वखारीतल्या गवताचा वास निराळा असतो. माळावर नुकत्याच कापलेल्या गवताला हिरवा, ओला वास असतो. उन्हात वाळून दाबलेल्या गठ्ठ्यांना मात्र थोडा गोडसर, घशात खवखवणारा वास येतो. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगाला हंगामभर तोच वास यायचा आणि त्याच्यावर ग्रीसचा थर. आई म्हणायची, या माणसाला धुवायचं तर आधी रॉकेल पाहिजे, मग साबण.

आमच्या माकुणसारच्या घरी दोन ट्रक होते. खरं सांगायचं तर एक ट्रक आणि एका ट्रकाचं मढं. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या, फक्त वयात दहाएक वर्षांचं अंतर. आप्पांनी त्यांची नावं ठेवली होती थोरली आणि धाकटी. थोरलीचं इंजिन एका हंगामात मनोरच्या चढावर बसलं ते उठलंच नाही. आप्पांनी तिला ओढून आणली आणि परसातल्या चिंचेखाली लाकडी ओंडक्यांवर उभी केली. भंगारवाला तीनदा येऊन तीनदा परत गेला. आप्पा त्याला सांगायचे, "मेली नाय ती. बसली हाय नुसती."

त्यानंतर कितीतरी वर्षं धाकटी थोरलीवर जगली. गवताच्या हंगामात गाडी एक दिवस उभी राहिली तर माळावर कापलेलं गवत तसंच पडून राहतं, आणि तेव्हा पार्ट आणायला लांब जायला लागायचं. त्यामुळे काही तुटलं की आप्पा पाना घेऊन चिंचेखाली जायचे. डायनमो निघाला, रेडिएटर निघाला, कमानपाटे निघाले, एका दाराची काच निघाली. थोरलीचं सगळं धाकटीला बसायचं. दसऱ्याला आप्पा दोघींनाही झेंडूचं आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण बांधत. धाकटीच्या तोंडाला, आणि थोरलीला जिथे एके काळी तोंड होतं तिथे.

गावातले लोक थट्टा करायचे. "काय आप्पा, यंदा धाकटीनं थोरलीचं काय खाल्लं?"

"दोन पाटे नि वायपरचा हात," आप्पा अगदी गंभीरपणे सांगायचे.

घरातही तेच चालायचं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा फ्रॉक मला, तिचं दप्तर मला, तिच्या चपला पुढे कापूस कोंबून मला. ताई स्वतःच ते माझ्या हातात द्यायची आणि आप्पांच्या आवाजात म्हणायची, "घे गो बाय, थोरलीचा पार्ट धाकटीला." मी भयंकर चिडायचे. मला एकदा तरी कोणी न वापरलेली वस्तू हवी होती. एका दिवाळीला मी रागाने तिचा परकर अंगणात भिरकावून दिला, तर तिने तो उचलून झटकला आणि स्वतःच माझ्या मापाने शिवून, खाली नवी पट्टी लावून दिला. पट्टी तेवढी नवी हो, म्हणाली. तो परकर मी विरेपर्यंत नेसले, पण आवडला असं तिला कधी सांगितलं नाही.

ताईला चिंचणीला दिली. चांगलं घर, चिकूची वाडी, मागे नारळ, नवरा शांत. तिला मुलगी झाली, मनू. मनू दोन वर्षांची होता होता, सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा, श्रावणात ताईला कावीळ झाली. हवापालट म्हणून तिला माहेरी आणली. झाडपाल्याच्या औषधात चार दिवस गेले, मग दवाखान्यात नेली तोवर उशीर झाला होता. भाद्रपदात ताई गेली.

ती गेल्यावर 'थोरलीचं काय खाल्लं' हा प्रश्न गावात पुन्हा कोणी विचारला नाही. ज्या गावाच्या पोटात तीळ भिजत नाही, त्या गावाने तो एकाच दिवसात गिळून टाकला. मला ते फार जाणवायचं. विहिरीवर बायका बोलता बोलता मी आले की गप्प व्हायच्या, आणि मला वाटायचं, सगळ्यांच्या मनात तेच असणार.

मनू आमच्याकडेच राहिली. ताईच्या आजारपणापासून ती माझ्याजवळ निजत होती. माझा डावा हात उशाला घ्यायची. हात बधिर व्हायचा, मुंग्या यायच्या, पण काढला की तिला जाग यायची म्हणून मी तो तसाच ठेवायचे. दुपारी तिचा मुक्काम थोरलीच्या केबिनमध्ये. तिथे स्टिअरिंग उरलं नव्हतं, सीटही निघून गेली होती, फक्त दाराशी काळ्या रबरी फुग्याचा भोंगा शिल्लक होता. तो दोन्ही हातांनी दाबून ती चिंचेखालून अख्ख्या गावाला हॉर्न द्यायची. मग उतरून माझ्यासमोर यायची आणि काळे झालेले दोन्ही तळवे पुढे करून म्हणायची, "पूस." एवढाच शब्द. मी पदराने पुसायचे. त्या दिवसांत मी ताईच्याच साड्या नेसत होते. आई ओरडायची, "लुगड्याची वाट लावलीस गो." मग तीच तो पदर रॉकेलने धुवायला घ्यायची.

त्या वर्षीच्या हंगामात धाकटीच्या पिनियनचा दात तुटला. ट्रकाच्या मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. एक परातीएवढं, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याच्या दातांत दात घालून फिरणारं वीतभर दांड्याचं लहान चाक, ते पिनियन. इंजिनाचा सगळा जोर लहान चाक मोठ्याला देतं, तेव्हा गाडी चालते. एवढं ज्ञान आमच्या घरात शेंबड्या पोरालाही होतं.

बोईसरला तेव्हा कारखाने नुकतेच वाढत होते आणि त्यांच्या आसऱ्याने उत्तरेकडचा एक म्हातारा मिस्तरी रस्त्याकडेला छपरी टाकून बसला होता. आप्पांनी त्याला मदतीला आणलं. थोरलीचं पिनियन निघालं, चांगलं होतं. मिस्तरी म्हणाला, क्राऊनही काढू. तो रिव्हेट मारून बसवलेला, काढायचा आणि धाकटीत बसवायचा म्हणजे छिन्नीचं काम, आणखी दोन दिवस. आप्पांनी आभाळाकडे बघितलं. आभाळ अवेळी काळवंडत होतं आणि माळावर गवत उघडं पडलं होतं.

"पिनियनच बसव," आप्पा म्हणाले. "क्राऊन ऱ्हाऊ दे."

मिस्तरी हात पुसत थांबला. "आप्पा, ये जोडी है. बरसों साथ घिसी है. अकेला बिठाओगे तो गाडी चलेगी, लेकिन रोएगी."

"हंगाम निघू दे," आप्पा म्हणाले.

आयुष्यभर आम्हाला 'अर्धं काम म्हणजे दुप्पट काम' हे ऐकवणाऱ्या माणसाने त्या दिवशी वेळ मारून नेली. मला आजही वाटतं, ताई असती तर त्यांनी असं केलं नसतं. भाद्रपदानंतर ते कुठल्याच कामात पुरते नव्हते.

गाडी चालली, आणि रडलीही. सपाटीवर बारीक, चढ लागला की वर चढत जाणारा एकसुरी हुंदका. लांबून ऐकलं तर एखादी बाई तोंडात पदर कोंबून रडते आहे असं वाटावं. माझ्या आईने ताईच्या तेराव्यानंतर आवाज काढून रडणं सोडलं होतं. आणि ही गाडी रोज तिन्हीसांजेला फाट्यापासून घरापर्यंत रडत यायची. आवाज आला की आई आत जाऊन देवाजवळ दिवा लावत बसायची, दिवा आधीच लावलेला असला तरी.

कार्तिकातल्या एका दुपारी चिंचणीहून ताईचे सासरे आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. बरोबर भावोजी, ताईचा नवरा. आप्पा गाडीखाली होते, ते तसेच काळ्या हातांनी ओट्याच्या कडेला टेकले. आईने चहा दिला. मी दाराआड उभी होते, मनू माझ्या खांद्यावर झोपली होती.

अण्णा फार सरळ माणूस. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "आप्पा, लेकराला आय पायजे. बाहेरची कशी निगेल, कोणाला ठाऊक? तुमची धाकटी हाय. लेकराला तिचा लळा हाय. घरातली पोरगी घरात येल. माय मरो नि मावशी उरो म्हनतात, ते काय उगाच नाय."

आई लगेच म्हणाली, "पोर डोळ्यांसमोर ऱ्हाईल. मला तर वाटतं, देवानंच सुचवलं तुमाला."

आप्पा अंगठ्याच्या नखातलं ग्रीस दुसऱ्या नखाने काढत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, माजी गाडी रडते, तुमी ऐकलं असेल. मी घाईत जोडीतलं एक काडून दुसरीकडं बसवलं. भोकं बरोबर, माप बरोबर, दात पन तेवडेच. तरी रडते. माजी थोरली नि तुमचा पोरगा, ती जोडी व्हती. थोरली गेली. तिच्या जागी मी धाकटी नाय बसवनार."

अण्णांनी कप खाली ठेवला. "आमी मानसाचं बोलतो, नि तुमी लोखंडाचं बोलता."

"मला दुसरं कायच येत नाय, अण्णा," आप्पा म्हणाले.

भावोजी मान खाली घालून बसले होते. त्यांनाही कोणी काही विचारलं नव्हतं, हे मला फार उशिरा सुचलं. आणि दाराआड जी उभी होती तिलाही आई विचारत नव्हती, अण्णा विचारत नव्हते, आप्पाही विचारत नव्हते. आई मला देत होती, आप्पा मला राखत होते. माझ्या मानेला मनूचा गरम श्वास लागत होता.

अण्णा उठले. "मंग आमचं लेकरू आमाला द्या."

लेकरू बापाच्या घरचं. आईने तिचे तीन फ्रॉक आणि गोधडी बांधली. माझ्या खांद्यावरून उचलताना मनू जागी झाली, रडायच्या बेतात आली, आणि तेवढ्यात तिला कळलं की तिला ट्रकात बसवणार आहेत. व्याह्यांना पायी जाऊ द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. मनं तुटली तरी रीत तुटत नाही. आप्पा त्यांना स्वतः पालघर स्टेशनावर सोडणार होते, बोईसरच्या गाडीसाठी. मनू आजवर फक्त न चालणाऱ्या गाडीत बसली होती. चालणारी मिळाली म्हटल्यावर ती टाळ्या वाजवायला लागली. त्या आनंदात तिने मागे वळून पाहिलंच नाही.

गाडी निघाली आणि रडायला लागली. मी अंगणात उभी राहून ऐकत होते. देवळापाशी आवाज बारीक झाला, छोट्या चढावर वाढला, फाट्यावर वळताना गिअर बदलला तेव्हा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग ऐकू येईनासा झाला.

मी दारातून दोन पावलं पुढे टाकून 'मी जाते' म्हटलं असतं तर? आप्पांनी अडवलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण खोटं कशाला बोलू? माझ्या पेटीत अध्यापक विद्यालयाचं पत्र होतं, आठच दिवसांपूर्वी आलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी न वापरलेलं काहीतरी मिळालं होतं. मी मनूला धरून उभी होते आणि मनात ते पत्रही धरून होते. आप्पा बोलले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मनूला उचलून नेलं तेव्हा मेल्यासारखं वाटलं. दोन्ही एकाच दाराआड, एकाच चहाच्या वेळात.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी ऐन हंगामात धाकटी उभी केली. मागचा गोळा पुन्हा खोलला आणि थोरलीचं पिनियन बाहेर काढलं. नवी जोडी यायला आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात नेमका पाऊस आला. ज्या गवतासाठी घाई केली होती, ते माळावर काळं पडलं. त्यानंतर धाकटी मुकाट्याने चालायला लागली. आवाज गेला म्हणून आईला बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती तरीही तिन्हीसांजेला आत जाऊन बसायची. माघापर्यंत ती आप्पांशी कामापुरतंच बोलली.

मी शिकले, शिक्षिका झाले. पुढे लग्न झालं, मुलगा झाला. नवरा भला आहे. आप्पांच्या नकारावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, आणि त्याबद्दल तक्रार करायला माझी जीभ धजत नाही. पण वय वाढलं तशी एक गोष्ट मला डाचत राहिली. जोडी तोडायची नाही, हे आप्पांचं खरं होतं. पण जोडी कोणती, हे ओळखण्यात त्यांची चूक झाली का? ताई आणि भावोजी ही जोडी मरणानेच तोडली होती. त्या दुपारी जी जोडी शिल्लक होती, ती दाराआड होती, आणि तिच्यातली एक माझ्या खांद्यावर झोपली होती.

भावोजींनी वर्षाने दुसरं लग्न केलं. येणं-जाणं अण्णांनी बंद केलं ते केलंच. मनू आठेक वर्षांची असताना एकदा बोईसरच्या बाजारात भेटली, नव्या आईचं बोट धरून. ती बाई चांगली होती, हे सांगायलाच हवं. मनूच्या वेण्या घट्ट, केसांना तेल, रिबिनी स्वच्छ. "मावशी हाय तुजी, पाया पड," तिने मनूला सांगितलं. मनू वाकली, आणि उठून पुन्हा तिच्या मागे जाऊन उभी राहिली. ती बाई वाईट असती तर मला कोणावर तरी रागावता आलं असतं.

थोरली पुढे भंगारात गेली. गॅसने कापून, तुकडे तुकडे करून नेली. भोंगाही गेला. आप्पांनी काहीच ठेवलं नाही, असं आम्ही सगळे समजत होतो.

गेल्या कार्तिकात आप्पा गेले. तेराव्याला भावोजी आले आणि त्यांच्याबरोबर मनू. एकोणीस वर्षांची, त्या दुपारी मी होते तेवढी. ताईसारखं कपाळ, चालणं भलत्याच कोणाचं तरी. पंगती उठल्यावर आईने मला आप्पांच्या खाटेखालचं सामान काढायला सांगितलं, तर मनू आपणहून मदतीला आली. सगळ्यात मागे एक लाकडी खोका होता, दोघींनी मिळून ओढावा लागला इतका जड. वर गोणपाट, त्याखाली ग्रीसचा थर, आणि ग्रीसमध्ये क्राऊन आणि पिनियन, थोरलीचे. गाडी कापायच्या आधी आप्पांनी क्राऊन काढून ठेवला असणार. काढलेलं पिनियन त्यांनी पुन्हा त्याच्या जोडीजवळ आणून ठेवलं होतं. धाकटीला ते कधी लागणार नव्हतं आणि थोरली तर उरलीच नव्हती.

"मावशी, हे कशाचं हाय? तुमी सांगा ना," मनू म्हणाली.

मावशीला कोणी 'तुमी' म्हणत नाही.

मी सांगितलं. दोन गाड्यांचं, मिस्तरीचं, त्या दुपारचं. ती ऐकता ऐकता पिनियन उचलून क्राऊनवर टेकवत होती, हळूहळू फिरवत होती. दातांत दात अलगद बसत होते. काही आवाज होत नव्हता.

"मग तुमी काय बोललात तेवा?" तिने विचारलं. दुसऱ्या कोणाच्या तरी घरातली गोष्ट विचारावी तसं, अगदी साधेपणाने.

"काही नाही बोलले."

तिने मान हलवली. चाक खाली ठेवलं, काळे झालेले दोन्ही तळवे उताणे धरून उठली आणि फडकं शोधत इकडेतिकडे बघायला लागली. माझा हात आपोआप पदराकडे गेला. मी पदर पुढे केला.

"नको मावशी, तुमची साडी खराब होईल," ती म्हणाली आणि मागच्या दाराने विहिरीकडे गेली. मी खिडकीतून बघत होते. ती कळशीतलं पाणी घेऊन हात धूत होती, पुन्हा पुन्हा धूत होती. ग्रीस नुसत्या पाण्याने निघत नाही. मला ते सांगता आलं असतं. तेव्हाही मी काही बोलले नाही.